पट्ट्याकडून एक, गिअरबॉक्सकडून चार

ऑटो पार्ट्सच्या दुकानात दोन गोष्टी कुणी न मागवता जमा होतात. एक वायसर आणि दुसरे किस्से. वायसर मी बरणीत टाकतो. किस्से ठेवायला बरणी नाही, म्हणून ते तोंडातच राहतात आणि कुणी चहा पाजला की बाहेर पडतात. आज तुम्ही पाजलाय, तर ऐका. फक्त मधे बोलू नका, माझा धागा सुटतो.

माझं दुकान कमलनगरात, खेड्यांकडं जाणाऱ्या जीपा जिथं भरतात त्या रस्त्यावर. दुकानाला लागून शरणप्पा अण्णांचं गॅरेज. समोर रस्त्यापलीकडं बसूचं गॅरेज. बसू म्हणजे बसवराज, अण्णांचा सख्खा धाकटा भाऊ आणि माझ्या वर्गातला. अण्णा त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठे. बाप लवकर गेला, तेव्हा बसूला नाक पुसण्यापासून पाना धरण्यापर्यंत सगळं अण्णांनीच शिकवलं. आधी दोघं एकाच गॅरेजात होते. दोन कशी झाली ते पुढं येईलच.

पण त्याआधी अण्णांचा नियम सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला काहीच कळायचं नाही.

गाडीच्या इंजिनात चार सिलेंडर असतात, एका ओळीत. बिघाड कुठल्या सिलेंडरात आहे ते नंबरानं सांगतात. एक नंबर खराब, तीन नंबर खराब. म्हणजे एक नंबर कुठल्या टोकाला हे आधी ठरलं पाहिजे, नाहीतर चांगलं उघडून बसाल आणि बिघडलेलं तसंच राहील. अण्णांचा नियम होता, "जिकडं पट्टा, तिकडनं एक." पट्टा म्हणजे पुलीवर फिरतो तो. जीपमधे तो रेडिएटरकडं असतो. छोट्या कारमधे इंजिन आडवं, तिथं अण्णा नव्या माणसाला शिकवायचे, "डायवरच्या सीटवर बसल्यासारखं कर. उजव्या हाताला पट्टा, डाव्या हाताला गिअरबॉक्स. उजवीकडनं मोज. एक, दोन, तीन, चार. झालं!"

आणि खिशात कायम एक पांढऱ्या पेंटचा पेन. इंजिनाचं झाकण उघडलं की आधी चारही सिलेंडरवर नंबर टाकायचे, मग पान्याला हात. "आधी नंबर, मग पाना." हे वाक्य मी आजपर्यंत किती वेळा ऐकलंय ते विचारू नका.

*

औरादचे रशीदभाई भाजीची पेट्रोल व्हॅन चालवायचे. एका सुट्टीच्या दिवशी त्यांना स्वच्छतेचा झटका आला. प्लगच्या चारही तारा एकदम उपटल्या, रॉकेलनं पुसल्या, टॉवेलवर वाळत घातल्या. मग कुठली तार कुठल्या सिलेंडरची ते आठवेना! लावल्या अंदाजानं. व्हॅननं सायलेन्सरमधून असा बार काढला की शेजारची म्हैस दावं तोडून गेली.

रशीदभाई हार मानणारा माणूस नाही. आमच्या गावात एक गणिताचे गुरुजी आहेत, तेव्हा नोकरीत होते. भाईंनी फोन करून त्यांना विचारलं, "गुरुजी, चार तारा, चार जागा, कितने तरह से लगती?" गुरुजींनी सांगितलं, "चोवीस." भाईंनी बायकोची किराणाची वही घेतली आणि एकेक तऱ्हा लावून, चावी मारून, खूण करत बसले. दोन दिवस! म्हशीला पाहुण्यांकडं पाठवावं लागलं.

तिसऱ्या दिवशी व्हॅन दोरीनं ओढत अण्णांकडं आणली. वही पुढं केली आणि म्हणाले, "अण्णा, सतरा करको देखा. सात बाकी हैं. वो तुम कर लेव, मेरे हाथां दुख रैं."

अण्णांनी वहीकडं बघितलंसुद्धा नाही. पट्ट्याकडून नंबर टाकले, तारा लावल्या, चावी मारली. व्हॅन चालू!

रशीदभाईंनी वाकून तारा कशा लावल्यात ते बघितलं, वही उघडली, बोट फिरवलं आणि कपाळाला हात लावला. "अठारवी थी! एकच का फरक रह गया था, अण्णा!"

ते अजून औरादमधे सांगतात की व्हॅन त्यांनीच दुरुस्त केली होती, अण्णांनी फक्त शेवटची चावी मारली.

*

अण्णांची दाढ दुखायला लागली. बसूनं मोटारसायकलवर बसवून उदगीरला नेलं. डॉक्टरनं खुर्चीत झोपवलं, विचारलं, "कुठला दात?"

अण्णा म्हणाले, "वरची लाईन, तीन नंबर."

डॉक्टर बिचारे नीट सांगायला गेले. म्हणाले, आमच्यात दात मधून मोजतात. समोरचा एक, मग मागं दोन, तीन. डावीकडंही तसंच.

अण्णा उठून बसले. "मधनं?"

"हो, मधनं."

"दोन्ही अंगाला?"

"हो."

अण्णांनी गळ्यातलं फडकं सोडलं, घडी करून खुर्चीच्या हातावर ठेवलं आणि बाहेर आले. बसूला म्हणाले, "चल. मधनं मोजणाऱ्या माणसाला तोंड उघडून दाखवायचं न्हाई."

दोन दिवस गाल धरून बसले. तिसऱ्या दिवशी वैनी चिडल्या. वैनी म्हणजे अण्णांची बायको. त्यांनी बसूला हाक मारली आणि दोघांनी मिळून अण्णांना परत उदगीरला नेलं. जाताना अण्णांनी तयारी केली होती. आरशात बघून दुखऱ्या दाढेवर पेंटच्या पेननं ठिपका दिला होता. डॉक्टरनं बॅटरी मारून पुष्कळ शोधलं, पण सापडेना. पांढऱ्या दातावर पांढरा ठिपका!

मग वैनींनी पर्समधून काजळ काढलं, अण्णांच्या तोंडात बोट घालून दाढेला लावलं आणि बाहेर येऊन बसल्या. डॉक्टरनं ती दाढ काढली. अण्णा घरी येऊन म्हणाले, "माणूस चांगला हाय. फक्त शिक्षण चुकीचं झालंय."

*

तो पेन घरातही चालायचा. डब्यांवर नंबर, बादल्यांवर नंबर, खाटांवर नंबर. गॅसच्या शेगडीवर उजव्या बर्नरला एक, डाव्याला दोन. वैनी भाकरी एक नंबरवर करायच्या आणि आमटी दोनवर. चुकून उलट केलं तर अण्णा काही बोलत नव्हते, पण जेवताना नीट बसत नव्हते.

एकदा वैनी वैतागून म्हणाल्या, "आता माझ्यावरबी टाका की नंबर! तेवढंच राहिलंय!"

अण्णा भाकरी मोडत म्हणाले, "तू एकच हाईस. एकाला नंबर लागत न्हाई."

वैनी शेगडीकडं तोंड करून बराच वेळ आमटी ढवळत बसल्या. बसू तिथंच जेवायला होता, त्यानंच मला सांगितलं. तेव्हा तो अण्णांची प्रत्येक गोष्ट मला येऊन सांगायचा आणि सांगताना हसून हसून काउंटरवर डोकं टेकवायचा.

*

आता गुरुजींच्या कारचं ऐका. हे हसण्यासारखं आहे, पण मला फारसं हसू येत नाही.

गुरुजींची शेवटची बदली मादन हिप्परग्याला होती. तिथून रिटायर होणार होते, तिथंच निरोपसमारंभ. महिनाभर आधी त्यांनी जुनी डिझेल कार घेतली होती, परदेशी बनावटीच्या इंजिनाची. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी ती गचके द्यायला लागली. बसूनं स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणाला, सिलेंडर एक. तिथला इंजेक्टर, म्हणजे सिलेंडरात डिझेल फवारतो तो, गेलाय.

अण्णांनी पेन काढला, पट्ट्याकडच्या सिलेंडरवर एक टाकला आणि तिथला इंजेक्टर बदलला. गाडी तशीच गचके देते!

बसू मोबाईलमधे बघत होता. म्हणाला, "अण्णा, ह्या इंजिनाचं उलटं हाय. कंपनीच्या पुस्तकात लिवलंय. गिअरबॉक्सकडनं एक मोजायचं. आपण बदललाय तो चार नंबर हाय."

गॅरेजात तेव्हा सहा-सात गिऱ्हाईकं होती. मी पण होतो. अण्णा म्हणाले, "पुस्तकं वाचून इंजिन कळत असतं तर गुरुजींनीच केलं असतं. तू कामून मधी बोलायलास?"

बसूनं मोबाईल खिशात टाकला. अण्णांनी पाइप आवळले, फिल्टर बदलला, गाडी थोडी बरी वाटली, दिली.

गाडी भालकीच्या पुढं जाऊन तुरीच्या शेताकडेला बंद पडली. गुरुजी सूट घालून, बायको जरीची साडी नेसून, रस्त्यावर! आधी एक टेम्पो, मग एक बस, मग कुणाचा तरी ट्रॅक्टर असं करत ते संध्याकाळी पोचले. तोवर शाळेनं वाट बघून कार्यक्रम उरकला होता. पाहुण्यांना दुसरीकडं जायचं होतं. शाल आणि हार गुरुजींच्या रिकाम्या खुर्चीला घातला, मुलांनी खुर्चीसमोर भाषणं केली. तो फोटो गुरुजींनी फ्रेम करून लावलाय. खाली लिहिलंय, "सत्कारमूर्ती". फोटोत खुर्ची आहे.

दुसऱ्या दिवशी बसू पिशवीत पाने आणि नवा इंजेक्टर घेऊन भालकीच्या पुढं गेला. रस्त्याकडेलाच गिअरबॉक्सकडचा इंजेक्टर बदलला. गाडी चालवत आणली आणि गॅरेजासमोर चालूच ठेवली. इंजिन इतकं सुरळीत की बॉनेटवरच्या ग्लासातला चहा हलेना.

बसू म्हणाला, "अण्णा, ऐका."

अण्णांनी ऐकलं. त्यांच्या कानाला सगळं कळतं, तेही कळलं असणार. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. बसूचं तोंड तर लहानपणी पहिला नंबर सांगायला घरी पळायचा तसं झालं होतं. एक शब्द पाहिजे होता हो त्याला. बरोबर, एवढाच.

अण्णा म्हणाले, "माझ्या गॅरेजात एक नंबर पट्ट्याकडंच असतोय."

बसूनं गाडी बंद केली. स्वतःची पान्यांची पेटी उचलली आणि गेला. महिन्याभरात समोर पत्रे उभे राहिले.

*

याला आता सात वर्षं झाली. सात वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. बोलले ते माझ्यातून.

दोघंही माझ्या काउंटरवर यायचे. कधी एकाच वेळी. एकदा असेच दोघं माझ्या दोन बाजूंना उभे. अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "सोमू, समोरच्याला सांग, त्याच्या पत्र्याचा खिळा निघालाय. वाऱ्याला उडून कुणाचं डोकं फोडंल."

मी मान वळवली. "बसू, पत्र्याचा खिळा निघालाय."

बसू म्हणाला, "बघितलंय म्हणाव."

मी मान वळवली. "बघितलंय म्हणतोय, अण्णा."

"बघितलंय तर ठोकत कामून न्हाई?"

मी वळलो. बसू म्हणाला, "शिडी त्यांच्याकडं राहिलीय."

मी परत वळेपर्यंत अण्णा निघून गेले होते. थोड्या वेळानं शिडी माझ्या दुकानाच्या भिंतीला टेकलेली दिसली. शिडीवर पांढऱ्या पेंटनं एक लिहिलेलं होतं. त्यांच्याकडं दुसरी शिडी नाही.

आणि डबा. बसूच्या घरी त्याची बायको रांधायची, तरी वैनींनी त्याचं जेवण काही बंद केलं नाही. सणावाराला, कारहुणवीला म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाला पोळ्या, हिवाळ्यात अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी, सगळं माझ्या काउंटरवर यायचं. वैनी फक्त म्हणायच्या, "भावजी, हे जरा ठिवा." कुणासाठी ते म्हणायच्या नाहीत. बसू यायचा, न्यायचा, रिकामा डबा धुऊन ठेवायचा. अण्णा काउंटरवर असले तर डब्याकडं पाठ करून उभे राहायचे. मला वैनींचं फार वाईट वाटायचं.

एकदा मी बसूला म्हणालो, "जाऊ दे की बाबा. मोठा भाऊ हाय. तूच बोल."

बसू म्हणाला, "सोम्या, मला माफी नको. त्यांनी माफी मागितलेली मला बघवणार बी न्हाई. फक्त त्या गाडीत माझं बरोबर होतं, एवढं एकदा म्हणावं. कुणालाबी म्हणावं. मला न्हाई म्हणलं तरी चालंल."

मी हे अण्णांना सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि फॅनबेल्ट मागितला.

*

गावानं मात्र मजा केली. गिऱ्हाईकांचे दोन गट पडले, पट्टेवाले आणि गिअरबॉक्सवाले. एक सोयरीक तर मोडता मोडता राहिली, कारण मुलीचा बाप पट्टेवाला होता.

मग निंबर्ग्याचा एक जावई सासुरवाडीला आला, तीन सिलेंडरची छोटी कार घेऊन. कार थरथरत होती. समोर नेली, बसूनं स्कॅनर लावला. दोन नंबरची कॉईल, म्हणजे प्लगला ठिणगी देते ती, खराब. जावयाला कुणीतरी सांगितलं, शेजारीही दाखवून घे. अण्णांनी चालू इंजिनावर पान्याचं टोक टेकवलं, दांडा कानाला लावला आणि सांगितलं, "दोन नंबर."

मला हर्ष झाला! अहो, तीन सिलेंडरांतला दोन नंबर म्हणजे मधला! पट्ट्याकडून मोजा, गिअरबॉक्सकडून मोजा, दोनच! सात वर्षांत पहिल्यांदा दोघा भावांचं एक मत झालं होतं. मी कॉईल घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. म्हटलं, आज हे दोघं मिळून ही कॉईल लावतील, मी पेढे वाटतो.

अण्णा म्हणाले, "त्याच्याकडं आधी गेलीय गाडी. त्याला लावू दे."

बसू म्हणाला, "मोठ्यांनी सांगितलंय, मोठ्यांनी लावावं."

मी अर्धा तास इकडून तिकडं कॉईल घेऊन फिरलो. दोघंही दुसऱ्याला मान द्यायला हटूनच बसले. शेवटी जावयानं माझ्या हातातून कॉईल घेतली, उदगीरला गेला आणि तिथं लावून घेतली.

*

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती, ती मी कुणाला बोललो नव्हतो. गुरुजींच्या कारसारखी, परदेशी इंजिनाची गाडी अण्णांच्या दारात आली की अण्णा बॉनेट उघडायचे, एक नजर टाकायचे आणि बंद करायचे. गिऱ्हाईकाला म्हणायचे, "समोर दाखवा." कारण सांगायचे नाहीत. सात वर्षांत तसली एकही गाडी त्यांनी स्वतः उघडली नाही.

*

चाळीस वर्षं उकिडवं बसून अण्णांचे गुडघे गेले. दोन्ही. उजवा जास्त. शेवटी शेवटी ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून नुसतं ऐकायचे आणि गिऱ्हाईकालाच सांगायचे कुठला नट सोडायचा. डॉक्टर म्हणाले उजवा गुडघा बदलायला पाहिजे, नाहीतर वर्षभरात चालणं बंद.

अण्णा तयार होईनात. वैनी रडल्या, लेक पुण्याहून फोनवर रडली. अण्णांचं एकच, "उघडणारा माणूस कुठनं मोजतोय ते कळल्याबिगर मी उघडू द्यायचा न्हाई."

एकदा घरात उंबऱ्याला अडखळून पडले. तासभर उठता आलं नाही, वैनी देवळात गेल्या होत्या. अण्णांनी हाक मारली ती कुणाला ऐकू गेली नाही. हे मला अण्णांनीच सांगितलं. सांगताना खाली बघत होते. मी विचारलं, "कुणाला हाक मारली?"

म्हणाले, "तोंडात जे नाव येतंय ते आलं."

त्या आठवड्यात ते कलबुर्गीला जायला तयार झाले. आम्ही अजून गुलबर्गाच म्हणतो. मी बसूला जाऊन सांगितलं, तारीख सांगितली, दवाखाना सांगितला. तो गाडीखाली झोपलेला होता. आतूनच म्हणाला, "उजवा का?"

म्हटलं, "उजवा."

"बरं," म्हणाला, आणि नट फिरवत राहिला.

*

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी आणि वैनी अण्णांच्या पलंगाशी बसलो होतो. अण्णा आंघोळ करून, दवाखान्याचा झगा घालून, छातीपर्यंत चादर ओढून पडले होते. मला वाटलं घाबरलेत. सारखे दाराकडं बघत होते.

दोन वाजता दारात बसू आला. हातात डबा. वैनी इकडं होत्या, म्हणजे डबा त्याच्या बायकोनं केला होता. तो आत आला नाही. चौकटीला टेकून उभा राहिला, फरशीकडं बघत.

तेवढ्यात डॉक्टर आले. तरुण पोरगा, कन्नड बोलणारा, पण मराठी बऱ्यापैकी यायचं. हातात निळा पेन. म्हणाला, "काका, उद्या ज्या पायाचं ऑपरेशन आहे त्यावर आज खूण करतो. पद्धत आहे आमची. चूक नको व्हायला."

अण्णांचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. "आधी नंबर, मग पाना," म्हणाले. "करा."

डॉक्टरनं चादर बाजूला केली आणि थांबला.

दोन्ही गुडघ्यांवर पांढऱ्या पेंटनं, चांगले वाळलेले, बोटभर उंचीचे आकडे होते. डाव्या गुडघ्यावर एक. उजव्या गुडघ्यावर दोन.

वैनींनी तोंडाला पदर लावला. मी आकड्यांकडं बघत राहिलो. आयुष्यभर उजवीकडून मोजणारा माणूस!

डॉक्टरनं कागद बघितला, गुडघे बघितले. "काका, ऑपरेशन उजव्याचं आहे. आधी उजवाच करायचा. मग उजव्यावर दोन कसं? उलटं झालं का?"

"उलटं न्हाई," अण्णा म्हणाले. जरा मोठ्यानंच म्हणाले, बाहेर ऐकू जाईल असं. "बरोबर हाय. मोजणी गिअरबॉक्सकडनं हाय."

"गिअरबॉक्स? तो कुठल्या बाजूला?"

अण्णांनी पडल्या पडल्या दाराकडं बोट केलं. "तिथं माझा भाऊ उभाय. त्याला इचारा. त्याचं बरोबर असतंय."

बसू आत आला. डबा माझ्या हातात दिला, अण्णांच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि डॉक्टरला म्हणाला, "हिकडनं मोजा."